औषध म्हणून आणलेली सून

भातकुलीच्या वावरात माणिकबाई शेवंती तोडत होती, तेवढ्यात बांधावर उत्तमराव येऊन उभे राहिले. तिनं ओटीतली फुलं सावरत डोक्यावर पदर ओढला आणि पाठ फिरवली. उत्तमराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. काही सांगायचं झालं तर नवऱ्याला सांगायचं, मग नवरा भावाला सांगणार. लग्न होऊन आली तेव्हापासून ती एक शब्द त्यांच्याशी बोलली नव्हती. आता तिचे केस पिकले, पण रीत काही म्हातारी झाली नव्हती.

उत्तमराव समाजातलं मोठं प्रस्थ. वधू-वर मेळाव्यात माईक त्यांच्याच हाती असायचा आणि एकदा हाती आला की सुटायचा नाही. त्या दिवशी स्वारी भलती खुशीत होती. तिच्या नवऱ्याला, शालिकरामला हाक मारून त्यांनी सांगितलं की पोरासाठी, शेखरसाठी अकोल्याची सोयरीक जमली. जुन्या शहरातले खुशालराव, स्वतःचं फुलांचं दुकान, पोरगी आचल शिकलेली आणि दुकान तीच सांभाळते. तेव्हा पोराला त्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणा, त्याचे केस कापा, तुळशीचं लग्न लागलं की अंगठ्या घालून साक्षगंध उरकून घेऊ.

शालिकराम चाचरत म्हणाला, की डॉक्टर अजून काही महिने ठेवा म्हणतात.

"डॉक्टरले काय समजते? संसाराचं ओझं पडलं की पोट्टं आपोआप सरळ होते. तुहं नाई झालं का?"

माणिकबाईचा हात फुलावरच थांबला. तुहं नाई झालं का! या एका वाक्यावर समाजानं किती घरं बसवली होती, कोण जाणे. तरुणपणी शालिकराम अट्टल दारुडा होता. उत्तमरावांनीच दर्यापूरकडची गरीब घरची माणिक शोधून त्याच्या गळ्यात बांधली, आणि पुढे त्याची दारू सुटली. झालं! माणिकबाई म्हणजे चालतंबोलतं प्रमाणपत्र होऊन बसली. कुठं कोणाचं पोरगं पिऊन नालीत पडलं, की वडीलधारे म्हणायचे, लगन करून द्या, शालिकरामची माणिकबाई पाहा. एका मेळाव्यात तर लुगडं-नारळ देऊन तिचा सत्कारही झाला. ती पदर ओढून उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आजही तिच्या पाठीवर वळ उठल्यासारख्या दुखत.

आणि शेखर? अहो, काय पोरगं होतं ते! लहानपणी बापाबरोबर गुरुकुंज मोझरीला जायचं आणि भजनात खंजिरी अशी वाजवायचं की म्हातारे माना डोलवायचे सोडून त्याच्या हाताकडे बघत बसायचे. अमरावतीला कॉलेजात गेल्यावर त्यानं गिटार धरली. अकोल्याचा विपुल ड्रम वाजवायला मिळाला आणि दोघांनी हेवी मेटलचा बँड काढला. नाव ठेवलं 'काळी माती'. कानठळ्या बसवणारी गिटार, गळा फाडून गाणं, आणि शब्द सगळे वऱ्हाडी. आटलेली बोर, फवारणीनं जळलेले डोळे, बाजारात लिलावात पडलेली फुलं, असलं ते गाणं. शालिकराम म्हणे, हे पोट्टं रागावून राहिलं का गाऊन राहिलं? माणिकबाईला मात्र कळायचं. आपल्या गळ्यात अडकलेलं पोराच्या गळ्यातून निघतंय, असं तिला वाटायचं.

बँड पुण्याला गेला. तिथं लोक आधी त्या भाषेला हसले, मग तीच गाणी त्यांच्या तोंडी बसली. मुंबईच्या एका कंपनीनं अल्बम करायचं ठरवलं. आणि तिथंच घात झाला. रोजचे कार्यक्रम, जागरणं, आणि कोणीतरी हातावर ठेवलेली एमडी नावाच्या नशेची पांढरी पावडर. एवढी घे, झोप येत नाही. झोप गेली, भूक गेली, मग मित्र गेले. रेकॉर्डिंगच्या दिवशी शेखर गिटार मांडीवर घेऊन बसला आणि त्याला स्वतःचं गाणंच आठवेना.  विपुलनं पुष्कळ दिवस वाट पाहिली, शेवटी बँड नागपूरच्या दुसऱ्या गायकाला घेऊन पुढे गेला.

घरच्यांनी काय करावं? पावडर आणून देणाऱ्याला कोणी हात लावला नाही, सगळा राग गिटारीवर निघाला. ती माळ्यावर फेकली, काळे शर्ट चुलीत घातले आणि पोराला अमरावतीच्या केंद्रात नेऊन टाकलं. आणि आता उरलेला इलाज म्हणून एक पोरगी आणायची होती. वा रे आमचं वैद्यक!

शेखर घरी आला. केस कापले, पांढरा शर्ट चढवला, दिसायला तर अगदी देवळातल्या पुजाऱ्यासारखा दिसू लागला. उत्तमरावांनी खुशालरावांना सांगितलं होतं, की पोरगा पुण्याला संगीतात होता, तब्येत मानवली नाही म्हणून आता शेती पाहतो. शब्दन् शब्द घासूनपुसून घेतलेला.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी माणिकबाई मोटारपंपाच्या खोलीकडे गेली. शेखर भिंतीला टेकून बसला होता. जबडा करकर वाजत होता, डोळे तारवटलेले, नाकाखाली पांढरं. तिला पाहून तो हसला आणि लगेच रडायला लागला.

"आई, आता शेवटचं हाय. लगन झालं की सोडतो. तुह्या गळ्याची आन."

माणिकबाईनं पदरानं त्याचं नाक पुसलं. लग्नाच्या पहिल्या दिवशी शालिकराम हेच म्हणाला होता. आता तू आली, आता सोडतो. तेव्हा तिला कसलं भरून आलं होतं! आपल्यासाठी कोणी काही सोडणार, म्हणून. अकोल्यात आता एक पोरगी असाच विचार करत हातावर मेंदी काढून बसली असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं.

तिनं शालिकरामला सगळं सांगितलं. दादाला सांगा, म्हणाली. शालिकराम म्हणाला, दादानं शब्द देल्ला हाय. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी गाड्या अकोल्याला गेल्या. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या अरुंद बोळात खुशालरावांचं घर. पुढे दुकान, मागे घर, सगळ्या घराला मोगऱ्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. खुशालरावांची बायको रुख्मिणी भोळी माणूस. तिनं माणिकबाईचे हात हातात घेतले, जवळ बसवलं आणि म्हणाली, तुमच्याबद्दल उत्तमभाऊ लय सांगतात, आमची आचल तुमच्या हाताखाली येते, आमाले दुसरं काय पाहिजे. माणिकबाईनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

आचल ताट घेऊन आली. सावळी, धीट पोरगी. बसताना तिनं शेखरला सरळच विचारलं की तुमच्या बँडची गाणी मी ऐकली आहेत, आता का गात नाही?  उत्तमरावांनी घाईनं हसून, ते पोरवय होतं, म्हणत विषय बदलला. अंगठ्या पुढे आल्या. शेखरचा हात असा कापत होता की अंगठी ताटात पडून खणखणली. पाहुणे हसले, पोरगा लाजला म्हणाले. रुख्मिणीही हसली.

माणिकबाईला ते हसणं सोसलं नाही. ती उठली आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ दिला. उत्तमरावांकडे तोंड करून उभी राहिली. 

"भाऊजी, आज मले बोलू द्या. हा पोरगा लाजून नाई कापत. तो पावडर खाते. काल खाल्ली. केंद्रातून अर्ध्यातून काढून आणला त्याले, या पोरीच्या जिवावर सुधरवाले."

"शालिकराम, हिले आवर," उत्तमराव गुरगुरले.

"आन मले पाहा म्हनता ना? पाहा मंग." तिनं डावा हात पुढे केला. मनगट वाकडं बसलेलं होतं. गावाला ती विहिरीवर घसरून पडल्याचं सांगत आली होती. "हे यायनं, शेखरच्या बापानं, पिऊन मोडलं. पहिली पोरगी होती पोटात, सात महिन्याची. लात बसली, तिथंच गेली ते. दारू म्या नाई सोडवली. यायले रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात पडले, तवा सुटली. पन लुगडं मले नेसवलं तुमी, आन माह्या नावानं किती पोरी देल्ल्या, देवाले ठाऊक. आता ही नाई देऊ देत."

 उत्तमराव लालबुंद होऊन म्हणाले, की बाईचं डोकं फिरलं, ती खोटं बोलते. पाहुण्यांतल्या दोघा-चौघांनी मानाही हलवल्या. तेव्हा कोपऱ्यात बसलेला शालिकराम भिंतीचा आधार घेत उभा राहिला. आयुष्यात भावापुढे मान वर न केलेला माणूस तो.

"खरं बोलून राहिली ते," तो म्हणाला. "लात मीच मारली होती."

मग तो खाली बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला.

खुशालरावांनी उत्तमरावांना एवढंच विचारलं, की तुम्हाला हे ठाऊक होतं का. उत्तमराव चपला शोधू लागले. रुख्मिणी पोरीला छातीशी धरून बसली होती. आचल तिच्या हातून सुटून उठली, ताटातल्या अंगठ्या तिनं ज्याच्या त्याला परत केल्या, आणि माणिकबाईला पाण्याचा तांब्या आणून दिला.  माणिकबाई घटाघटा पाणी प्यायली.

"आई, मंग मी काय करू?" शेखर लहान पोरासारखा विचारत होता.

"चाल. जिथून काढून आनलं, तिथंच नेऊन सोडतो तुले. औषध तिथं हाय," माणिकबाई म्हणाली.

गाडी अकोल्याहून निघाली ती घरी न जाता थेट अमरावतीच्या केंद्रावर गेली. शेखरनं वाटेत शिव्या दिल्या, दार उघडून उडी मारायला निघाला, शालिकरामनं त्याला घट्ट धरून ठेवलं. पुढच्या रविवारी माणिकबाई माळ्यावर चढली. गिटार काढली, पदरानं पुसली आणि भाजीच्या पिशवीसोबत केंद्रावर घेऊन गेली. तारा गंजलेल्या होत्या. तिथले डॉक्टर म्हणाले, वाजवू द्या. शेखर बरा होईल की नाही, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मधे एकदा तो घसरला, पुन्हा उभा राहिला. पण त्याची लढाई त्याच्याच अंगावर आहे, कोण्या पोरीच्या अंगावर नाही.

समाजानं आता या घराला बोलावणं बंद केलं आहे. उत्तमरावांच्या मेळाव्याची पत्रिका येत नाही. माणिकबाई म्हणते, बरं झालं, टाळ्या ऐकाव्या लागत नाहीत.

परवा एक बाई तिचा पत्ता विचारत वावरात आली. दूरच्या गावची, जुनी कीर्ती ऐकून आलेली, नवी गोष्ट तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पोरगा गांजा ओढते, म्हणाली. एखादी सोशिक पोरगी असंल तुमच्या पाहण्यात तं सांगा, तुमच्यावानी.

माणिकबाईनं हातातली फुलं टोपलीत ठेवली.

"होती एक. माहीच. नाव ठेवाच्या अगुदर गेली. तिची माय एका मानसाले सुधरवून राहिली होती तवा."

ती बाई भेदरून उठायला लागली. माणिकबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि अमरावतीच्या केंद्राचा रस्ता नीट समजावून सांगितला.