गाठीतल्या पेशींबाबत खुलासा

लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात आमच्या दाजींचं पाऊण जठर काढलं. ऑपरेशन नांदेडला झालं, कारण मी नांदेडला राहतो. आमच्या नात्यात दवाखाना डॉक्टर बघून ठरत नाही, मुक्कामाची सोय बघून ठरतो.

दाजी म्हणजे गुरुलिंगअप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, महादेवीअक्काचे यजमान. घर जळकोटला. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरी चार-पाच तालुक्यांत झाली; त्यातली कुठली कचेरी कशी होती हे मी लिहीत नाही, दाजींना आवडणार नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. घरात इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून गाठीचा रिपोर्ट माझ्या हातात दिला गेला.

रिपोर्ट दोन पानांचा होता. गाठ कॅन्सरची, हे आधीच कळलेलं होतं. जठराशेजारच्या अठरापैकी तीन बारीक ग्रंथींपर्यंत रोग पोचलाय, हे नवीन होतं. पण घोळ केला तो दुसऱ्या पानावरच्या एका ओळीनं. तिचा अर्थ असा होता, की गाठीच्या आत आणि कडेनं रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येनं शिरलेल्या आहेत.

"शिरल्या म्हणजे? चांगलं का वंगाळ?" अक्कानं विचारलं.

"प्रतिकार करणाऱ्या आहेत म्हणजे चांगलंच असणार."

"मग त्या असताना गाठ एवढी वाढली कशी?" खाटेवरून दाजी म्हणाले.

याचं उत्तर भूगोलात नव्हतं. मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की अशा पेशी जास्त असल्या तर जठराच्या कॅन्सरचा पेशंट जास्त वर्षं जगतो. दुसऱ्या ठिकाणी, त्यांतल्या काही जाती जास्त असल्या तर कमी जगतो. तिसऱ्या ठिकाणी, त्या कडेला आहेत की मधोमध यावर अवलंबून आहे. मी मोबाइल पालथा ठेवला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं रिपोर्ट न वाचताच सांगितलं की पांढऱ्या पेशी म्हणजे इन्फेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या घ्या. त्या दिवशी भेटलेल्यांत ठाम मत असलेला तो एकटाच.

ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, "खूण चांगली आहे. पण केमो सहा आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजे. उशीर कराल तर रोग परत यायची भीती वाढते."

"खूण चांगली, तर केमो कशाला? आणि केमो पाहिजे, तर खूण चांगली कशी?" दाजींनी विचारलं.

डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. दाजी मला म्हणाले, "बगितलंस? बोलून गेले. लिहून न्हाई दिलं."

महसूल खात्यात एक रीत आहे. कागदात शंका निघाली की खुलासा मागवायचा, आणि तो येईपर्यंत फाइल हलवायची नाही. हलवली तर जबाबदारी हलवणाऱ्यावर येते. न हलवल्यामुळं कुणावर काही आल्याचं दाजींच्या पाहण्यात नव्हतं. त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागितला आणि टाके ताजे असताना, उशीला टेकून, लॅबला पत्र लिहिलं:

'विषय: गाठीत शिरलेल्या पेशींबाबत खुलासा मिळणेबाबत. सविनय सादर की, सदर पेशी एक, कोणाच्या बाजूने आहेत; दोन, कधीपासून हजर आहेत; तीन, हजर असूनही गाठ वाढण्याची कारणे काय, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्राय द्यावा. पुढील कार्यवाही तदनंतर करण्यात येईल.'

पुढील कार्यवाही म्हणजे केमो.

पत्र टपालानं गेलं. लॅब माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर होती, पण हातानं दिलेल्या कागदाला जावक नंबर नसतो. दाजी जळकोटला परतले आणि पोस्टमनची वाट बघू लागले. भेटायला येणारे लोक आजार विचारून झाला की उदगीर वेगळा जिल्हा होणार का, या विषयावर येत. कुठलं ऑफिस कुणाकडं जाईल, जळकोट कुठं पडेल. तेवढा वेळ दाजी अगदी बरे असत.

पाचव्या आठवड्यात अक्काचा फोन आला. "विरू, टँकर आठ दिसाला का होईना येतो. तुझ्या दाजीचं टपाल येतच न्हाई. म्या मनलं, चला की नांदेडला. तर मनतात, प्रकरण प्रलंबित हाय."

"तू रागाव की जरा."

"रागावले की म्या. तर मनले, रागावल्याची नोंद घेतली."

ऑपरेशननंतर अडतिसाव्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. रिपोर्टवर सही होती ती डॉ. सिंधु सोनकांबळे यांची. पस्तिशीच्या बाई, आवाज शांत. टेबलाच्या खणातून त्यांनी दाजींची तीन पत्रं काढली. एक मूळ आणि दोन स्मरणपत्रं.

"मला वाटलं कुणीतरी चेष्टा करून राहिलं," त्या म्हणाल्या. "फोन का नाही केला?"

"फोनवरचं ते धरत नाहीत."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. गुलाबी रंगात जांभळे ठिपके दिसले, हजारो. दाजींच्या जठरात एवढी गर्दी असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हे बारीक ठिपके म्हणजे त्या पेशी. काही गाठीवर हल्ला करतात. काही, हल्ला करणाऱ्यांना गप बसवतात. काही नुसत्याच असतात, थकलेल्या."

"यातल्या कोणत्या कुठल्या?"

"या रंगात सगळ्या सारख्याच दिसतात. वेगळ्या तपासण्या आहेत, पण त्यावरही अजून डॉक्टरांचं एकमत नाही. एवढंच माहीत आहे, की ज्यांच्या गाठीत पेशी भरपूर होत्या, त्यांतले बरेच जण इतरांपेक्षा जास्त जगले. तुमचे दाजी त्या बऱ्याच जणांत आहेत का, हे ठिपके मोजून सांगता येत नाही. केमो मात्र कसंही असलं तरी लागतेच, ग्रंथींत रोग आहे ना."

मी घसा साफ केला. "मॅडम, तुम्ही नुसतं 'खूण वाईट' असं लिहून दिलं तर ते उद्याच येतील."

"आणि घाबरून आलेच नाहीत तर?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "मग 'चांगली' लिहा."

"मग तर येणारच नाहीत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जे दिसतं तेच लिहिते."

त्यांनी लेटरहेडवर तीन मुद्द्यांना तीन उत्तरं लिहिली. एक, दोन्ही बाजूंनी असू शकतात. दोन, सांगता येत नाही. तीन, निश्चित सांगता येत नाही. खाली: केमोथेरपी विनाविलंब सुरू करावी. शिक्का मारला. मी विनंती केल्यावर नंबरही टाकला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जळकोटला गेलो. दाजींनी कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"यात काय कळलं, विरूपाक्ष?"

"काही नाही," मी खरं ते सांगितलं.

"पण उत्तर नियमाला धरून हाय. म्या बी अशीच देत होतो." ते थोडे खुश दिसले. मग मी हल्ला करणाऱ्या, गप बसवणाऱ्या आणि थकलेल्या पेशींचं बाईंनी सांगितलेलं ऐकवलं, तसे पुन्हा गोंधळले. "एवढ्या हजर हायेत, आन् कोण काय करतंय ते बाईला बी ठाऊक न्हाई?"

अक्का दारात घागर टेकवून उभी होती. टँकर नुकताच गेला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमच्या कचेरीत माणसं किती होती हो?"

"चाळीस."

"हजेरीला किती?"

"चाळीस."

"आन् काम किती जण करायचे?"

दाजींनी विचार केला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "सात," ते म्हणाले. मग, "सटवाजी शिपाई धरला तर आठ."

"त्या आठांना कोण बसवून ठेवायचं?"

"बाकीचे."

"मग काम उरकायचं कसं?"

"वरून पथक यायचं. मार्चअखेरीला." दाजी कागदाकडं बघत राहिले. "पथक आल्याबिगर काय उरकलंच न्हाई कधी."

"मग येऊ द्या की पथक," अक्का म्हणाली आणि घागर आत घेऊन गेली.

दाजींनी कागदाची घडी घातली. मग हळूच मला विचारलं, "तुला काय वाटतं, म्या त्या आठांत होतो का?"

"होतात की, दाजी."

"आठ मोजले तवा म्या सोताला धरलंच न्हवतं," ते म्हणाले आणि पिशवी भरायला उठले.

एक्केचाळिसाव्या दिवशी आम्ही तिघं नांदेडच्या केमोच्या वॉर्डात होतो. सिस्टरनं संमतीपत्र आणलं. दाजी वाचल्याशिवाय सही करत नाहीत. मराठी फॉर्म होता, बारीक टाइपात. सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पथक येणार आन् पहिल्यांदा आमचेच आठ मारणार?"

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. "काही मरतात काका, हो. दोन-तीन आठवड्यांत नव्या येतात."

"कुठून?"

"हाडातून. आत तयार होत असतात."

"मंजुरी कोण देतो?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कुणी देत नाही, दाजी. आपोआप येतात."

"एक गेला की त्याच्या जागी दुसरा? तीन आठवड्यांत?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

दाजींच्या टेबलाशेजारची लिपिकाची जागा अकरा वर्षं रिकामी होती. दर महिन्याला त्यांनी रिक्त पदांचा तक्ता वर पाठवला होता आणि निवृत्त होईपर्यंत त्याचं उत्तर आलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनगटाच्या हाडाकडं बघितलं, दुसऱ्या हातानं ते चाचपलं. चेहऱ्यावरून काही समजल्यासारखं वाटत नव्हतं.

"आन् हे मला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन उचललं, सही केली, खाली तारीख टाकली आणि सुई टोचायला मघाशी चाचपलेला तोच हात पुढं केला.