फुलाआधीची देवी

घड्याळ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट गेली चार वर्षं दुरुस्तीसाठी बंद आहे. मी अडुसष्ट वर्षांचा. दोन्ही गुडघे बोलतात आणि चांगलं काही बोलत नाहीत. त्या मंगळवारी दुपारी पहिल्या मजल्यावर थांबलो, दुसऱ्यावर थांबलो, आणि दर वेळी उजव्या खिशातलं नाणं चाचपून पाहिलं. खिशात खरी आशा होती. वरती, घड्याळ्याच्या नाण्यांच्या पेटीत, तिसऱ्या कप्प्यात खोटी होती. गुरुवारी संग्रहालयाची बाई यायच्या आत दोघींची गुपचूप अदलाबदल करायची, एवढ्यासाठी मी तो जिना चढत होतो.

तो आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचा, मी कवळ्या बनवायचो. त्यामुळे तो घड्याळ्या आणि मी दातवाला. आम्हा दोघांनाही जुन्या रोमन नाण्यांचं वेड, पण राजांचं नव्हे. राजे सगळे सारखेच, जाड मान आणि डोक्याला पानांची पट्टी. आम्हाला हवी मागची बाजू, जिथे देवी असते. झिजलेल्या नाण्यावरची देवी ओळखायची कशी, तर तिचे हात बघायचे. नाक, डोळे दोन हजार वर्षांत कुणाचेच उरत नाहीत. हातात सुकाणू असेल तर फोर्तुना, म्हणजे नशीब. सापाला ताटलीतून भरवत असेल तर सालुस, म्हणजे आरोग्य. हे मीच त्याला शिकवलं होतं. "आधी हात बघ, मग तोंड उघड," असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो.

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. प्रत्येक नाण्याखाली ओळखीची एक चिठ्ठी असते. मत बदललं की नवी चिठ्ठी लिहून वर ठेवायची, पण जुनी फेकायची नाही. चुकीची असली तरी ती नाण्याबरोबर राहते. बायकोशी खोटं बोलणारे संग्राहक मी पाहिलेत, पण चिठ्ठी फाडणारा एकही नाही पाहिला.

बावीस वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. घड्याळ्याने दुकान बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. त्याची लेक तेव्हा कॉलेजात होती. ती फोन करायची, "काका, बाबा आजही उठले नाहीत." मी रोज जायचो. उठ रे, असं काय करतोस, पोरीकडे तरी बघ, सगळं म्हणून झालं. मी अगदी हात टेकले होते. एक दिवस तो भिंतीला म्हणाला, "बाकी सगळ्या मिळाल्या. एक आशा तेवढी मिळाली नाही."

तो देवीबद्दल बोलत होता. रोमन लोक तिला स्पेस म्हणायचे. एका हातात फूल, दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ जरा उचललेला, आणि चाललेली. त्याच्या एकतीस देवींत ती नव्हती. माझ्याकडे भंगाराच्या डब्यात एक पार घासलेलं नाणं पडलं होतं. अक्षरं गेलेली, बाई कोण ते कळत नव्हतं. दातांना आकार द्यायचं बारीक हत्यार माझ्या हातात रोजच असायचं. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसलो आणि त्या बाईची आशा केली. हातात फूल कोरलं, वस्त्राला घोळ काढला. उकरलेली जागा काळी करायला काय काय फासलं ते सांगत नाही.

ते नाणं मी त्याच्या तळहातावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो दाढी करून दुकानात गेला. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःवर खूश होतो. मग खुशी ओसरली आणि भीती उरली, कारण खोटं नाणं मित्राच्या गळ्यात मारण्याइतकं नीच काम आमच्यात दुसरं नाही.

आता घड्याळ्याची नजर गेली आहे. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडंफार दिसतं. संग्रह त्याने संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. लेकीने सहज सांगितलं, "काका, त्या मॅडम सूक्ष्मदर्शक घेऊन येणार आहेत." ती बाई एका मिनिटात सांगणार की हे कुणीतरी कोरलंय, आणि ते कुणी कोरलं हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षांची मैत्री, आणि शेवटी माझी ओळख ही. मग मी माझी अकरा नाणी एका ओळखीच्या संग्राहकाला दिली आणि त्याच्याकडून खरी आशा आणली, तेवढ्याच आकाराची.

लेकीने चहा दिला आणि ती आतल्या खोलीत आपलं ऑफिसचं काम करायला गेली. मी टेबलाशी बसलो. घड्याळ्या पलंगावर उशीला टेकून. मी एकेक नाणं त्याच्या हातात द्यायचं, त्याने अंगठा फिरवून ओळखायचं आणि मी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहायची, असं ठरलं होतं.

"सुकाणू," तो म्हणाला. "फोर्तुना. लिही."

लिहिलं.

"तराजू. ही वाण्याची बायको."

"तसं लिहू?"

"लिही. मॅडमना तेवढीच करमणूक."

दोन कप्पे झाले. माझी पाठ भरून आली होती, त्याचा आवाज बसला होता. तिसरा कप्पा उघडला. खोटी उचलून डाव्या खिशात टाकली, उजव्या खिशातली खरी त्याच्या हातावर ठेवली. नाण्याचा आवाजही झाला नाही. कवळ्या बनवणाऱ्याचा हात शेवटी.

त्याने अंगठा फिरवला, मग परत एकदा फिरवला.

"ही कोण?"

"आशा. तुझी लाडकी."

"आशाच आहे," तो म्हणाला. "पण माझी नाही. माझी कुठाय?"

मी म्हणालो, "अरे, तीच आहे. थंडीने बोटं बधिर झाली असतील तुझी."

"दातवाल्या, हिच्या हातात कळी आहे. मिटलेली. नाण्यांवर आशेच्या हातात कळीच असते. पाच पाकळ्यांचं उमललेलं फूल जगात तू एकट्यानेच काढलंयस."

हात बघ म्हणून शिकवणारा मी, आणि फूल काढताना एकदाही पुस्तक उघडून खऱ्या आशेचा हात पाहिला नव्हता.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"तू जिना उतरायच्या आत. मी घड्याळजी आहे रे, आयुष्य गेलं माझं डोळ्याला भिंग लावून. ताजी कोरणी ओळखणार नाही?" त्याने हात पुढे केला. "आण इकडे माझी. आणि तिच्या चिठ्ठ्या काढ."

वरची चिठ्ठी मी बावीस वर्षं पाहत आलो होतो. 'आशा.' तिच्याखाली काय आहे ते बघायची माझी कधी छाती झाली नव्हती. खाली नऊ चिठ्ठ्या होत्या. 'विनय? पण पदर दिसत नाही.' 'शांती? फांदी असावी.' 'आरोग्य? साप सापडत नाही.' प्रत्येकीवर वर्ष. शेवटची तीन वर्षांपूर्वीची, अक्षर मोठं आणि ओळ सोडून घसरलेली, 'कोण आहे ही?'

"वरची तेवढी नियम मोडून वर ठेवायचो," तो म्हणाला. "तू आलास की बघायचास म्हणून. बाकी मी शोधत होतो, तुझ्या फुलाआधी ही कोण होती ते. डोळे होते तोवर शोधलं. आता गुरुवारी ती बाई येईल, खोटी म्हणून बाजूला काढेल, संपलं. तू हिला हत्यार लावायच्या आधी पाहिलंयस. तुझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही. सांग, कोण होती?"

"मी नीट पाहिलं नाही रे."

"पाहिलं नाहीस?" तो एकदम चिडला. "आठ-दहा दिवस नाकासमोर धरून बसला असशील आणि पाहिलं नाहीस?"

खरंच नव्हतं पाहिलं. मला फक्त कुठे किती धातू आहे ते दिसत होतं, बाई दिसत नव्हती. मी भिंग लावलं आणि नाणं खिडकीशी धरलं. माझंच काम, मलाच अनोळखी. मग हळूहळू आठवत गेलं. उजवा हात डोक्याशी गेलेला होता, तो मी तोडून पुढे आणला. पाय एकमेकांवर टाकलेले, ते मी चालते केले. आणि डाव्या कोपराखाली एक जाड उभी रेघ होती, उगाच अडचण करणारी. ती खरवडून मी तिचा घोळ काढला होता.

"खांब होता," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला. "कोपराखाली खांब होता. मी काढून टाकला."

त्याने स्वतःचं कोपर उशीत रोवून पाहिलं. मग म्हणाला, "सेक्युरितास. निश्चिंती."

"हो."

"पायावर पाय टाकून, डोक्याला हात लावून, खांबाला टेकलेली."

"हो."

"बिचारी जरा टेकली होती. तू तिचा खांब काढून घेतलास, हातात फूल दिलंस, आणि चाल म्हणालास."

मी मान खाली घातली. ते त्याला दिसत नव्हतं, तरी घातली.

"मी तेव्हा मरायला पडलो नव्हतो रे," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात. "मला फक्त पडून राहायचं होतं. महिना, दोन महिने. तिची आठवण काढत. पण तू एवढा मर मर मरून कोरून आणलंस, उठलो नसतो तर तुला काय वाटलं असतं? म्हणून उठलो. तेव्हापासून उभाच आहे."

मला रडू आलं. या वयात रडताना नाकही वाहतं, कसली शोभा राहत नाही. तो म्हणाला, "पूस आणि लिही."

मी लिहिलं. 'निश्चिंती. खांब खरवडला आहे. फूल नंतरचं.'

"कुणी केलं तेही लिही."

माझं पूर्ण नाव लिहिलं. अकराव्या चिठ्ठीला वर जागा मिळाली. खरी आशा त्याने बोटांनी चाचपत कप्प्यात बसवली आणि म्हणाला, ती माझ्या नावाने संग्रहालयात जाईल. कोरलेलं नाणं त्याने मुठीत घेतलं. चौथा कप्पा अजून उघडायचाच होता, पण तो उशीवरून खाली सरकला, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

'उठ रे' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलो.

लेक कप न्यायला आली. बापाची पाठ बघून तिचा चेहरा उतरला. तिला ती जुनी पाठ आठवली असणार.

"काका, काय झालं बाबांना?"

"दमलाय," मी म्हणालो. "पडू दे."