सोमवारचा आकडा

औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांच्या मांडणीला लागून जी निळी खुर्ची आहे ना, ती मी. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारी जुनी खुर्ची आहे. बसा, बाहीत हात घाला, बटण दाबा. फुकट! अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या या गावापासून डॉक्टर चाळीस मैलांवर, त्यामुळे निम्मं गाव माझ्या मांडीवर बसून गेलंय.

मी आले तेव्हा दुकान एमस म्हाताऱ्याचं होतं. तो दरवर्षी शहरातून मिस्त्री बोलावून माझे आकडे तपासून घ्यायचा. एमस गेला आणि दुकान त्याच्या पुतणीकडे, कॉलीनकडे आलं. पोरगी गुणाची. माझी गादी पुसते, फाटली तर पट्टी चिकटवते. पण माझ्या पोटात काय चाललंय ते कोणी पाहिलं नाही. आतली नळी चिरली आणि मी आकडे कमी दाखवू लागले.

माझं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे व्हर्जिल. वय चौसष्ट, धंदा शेतांना कुंपणं घालायचा. दर सोमवारी सकाळी यायचा, पाच मिनिटं गप्प बसायचा, आकडा लाल वहीत लिहायचा आणि लगेच खाली पुढच्या सोमवारची तारीख टाकून ठेवायचा. विमा नव्हता, आणि विम्याशिवाय इथे डॉक्टर परवडत नाही. गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा अर्ज कॉलीनने दोनदा हातात दिला, दोनदा त्याने तो परत केला.

"माझं मी बघतो," तो म्हणायचा. "मीठ सोडलं, सिगारेट सोडली. दुसऱ्याच्या घामाच्या पैशावर गोळ्या खाणार नाही."

शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ओपल त्याची बालमैत्रीण. ती कॉफीचा पेला घेऊन समोर उभीच असायची.

"मोठा आला स्वाभिमानी! मग पासष्टीची वाट कशाला बघतोयस? पासष्टाव्या वाढदिवसाला सगळ्याच म्हाताऱ्यांना मिळणारा विमा काय तुझ्या काकाने ठेवलाय? सरकारीच ना तो?"

"तो माझा हक्क आहे. सोळाव्या वर्षापासून त्याचे पैसे माझ्या कमाईतून कापून घेतलेत."

"आणि सोळाव्या वर्षीच जो आजारी पडला, त्याने काय करायचं?"

यावर व्हर्जिल वही उघडायचा. "हे बघ. एकशे अडतीस. माणसाने काळजी घेतली की सरकार लागत नाही."

माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. बाहीत त्याची नाडी हातोड्यासारखी आदळायची आणि पडद्यावर मी आपली एकशे अडतीस! दोघांच्या वादात कोण बरोबर ते मला खुर्चीला काय कळणार? पण त्याचा सगळा भरवसा माझ्यावर होता आणि मी खोटं बोलत होते. तोंड असतं तर ओरडले असते हो!

मार्चमधल्या एका सोमवारी त्याच्या हातून पेन दोनदा पडलं. कॉलीनने ते पाहिलं. विकायला आलेलं नवं यंत्र खोक्यातून काढून तिने त्याच्या दंडाला बांधलं. एकशे नव्वद.

"बिघडलंय ते," व्हर्जिल म्हणाला.

"ओपल, तुम्ही बसा बरं." नव्या यंत्रावर ओपलचे दीडशे, माझ्यावर शंभर. कॉलीनने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओपल उठली तसा व्हर्जिल परत माझ्यावर टेकला आणि वहीची पानं मागे मागे उलटत गेला. "तीन वर्षं," तो हळूच म्हणाला. "एकही सोमवार चुकवला नाही मी."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा," कॉलीन म्हणाली.

"अकरा आठवडे राहिलेत वाढदिवसाला. तीन वर्षं काढली, अकरा आठवडेही निघतील."

ओपलने हात पुढे केला. "चावी आण. तीस वर्षं बस चालवली, एक पोर अर्ध्या वाटेत उतरू दिलं नाही मी. गुमान गाडीत बस."

तो माझ्या हातावर जोर देऊन उठला. चावी त्याने ओपलच्या हातात ठेवली.

मित्रांनो, स्वतःची काळजी स्वतः घ्या, असं सगळेच सांगतात. जरूर घ्या, व्हर्जिलने घेतलीच होती. पण ज्याच्या भरवशावर घेता त्याचीही काळजी कोणीतरी घेतंय ना, एवढं विचारा. माझी कोणीच घेतली नाही.

आज रविवार. माझ्यावर 'बंद' अशी पाटी आहे. दवाखान्यातून अजून काही कळलेलं नाही, ओपलही आलेली नाही. लाल वही माझ्या मांडीवर उघडीच राहिलीय. त्यात उद्याची तारीख व्हर्जिलच्या अक्षरात लिहिलेली आहे आणि तिच्यापुढे जागा रिकामी आहे.