पान सतरा

शरच्चंद्राचं सगळं चांगलंच होतं, हेच मला खुपायचं. मॅट्रिकला गणितात मी त्याच्या चार गुण पुढं होतो. तरी मी मेहकरच्या शाळेत मास्तर झालो आणि तो मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर संशोधन करू लागला.

१९७९च्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदांचा गठ्ठाच त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"नीळकंठ, कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा गाभा अगदी लहान ठेवला मी. त्यानं फक्त निरोप पोचवायचे. फायली, छपाई, बाकी सारी कामं वेगवेगळ्या प्रोग्रामले. एक बदलला तरी दुसऱ्याले हात लावा लागत नाही. पुढच्या आठवड्यात मोठमोठ्या लोकायपुढं चालवून दाखवायचा आहे. कुठं अडते काय, तेवढं पाहून दे. तुह्यासारखी बारीक नजर तिकडं कोणाची नाही."

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. कल्पना इतकी सोपी होती, की आपल्याला का सुचली नाही म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग सतराव्या पानावर चूक सापडली. फायलींचा प्रोग्राम छपाईवाल्याच्या निरोपासाठी थांबत होता आणि छपाईवाला फायलींच्या. शरच्चंद्राच्या बहिणीच्या, प्रेमलाच्या, लग्नात असंच झालं होतं. दोन्ही व्याही "आधी तुम्ही घास घ्या", "छे, आधी तुम्ही" करत बसले आणि अख्ख्या पंगतीचा भात निवला.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? पुढच्या आठवड्यात मोठमोठ्या लोकांसमोर त्याचा प्रोग्राम ठप्प होणार होता.

बस स्टँडवर गठ्ठा परत देताना मी म्हणालो, "चोख आहे."

तो एसटीत खिडकीशी बसला. पेन काढून पहिल्या पानावर स्वतःच्या नावाखाली त्यानं माझं नाव लिहिलं आणि मला दाखवलं.

"तू तपासल्याबिगर लिहायचं नव्हतं. आता दोघायचं काम आहे बे हे."

गाडी हलली. मी मागं धावलो.

"प्रेमलाची पंगत! पान सतरा!"

स्टँडवरची माणसं हसू लागली. त्यानं भराभरा कागद उलटले, वाचलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हाव बे! मंग एकानं थांबायचंच नाही! निरोप टाकून पुढं जायचं!"

चूक शोधायला मला तीन दिवस लागले होते. तिच्यावरचा उपाय त्याला गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत सुचला. मी धापा टाकत पुन्हा जळत उभा राहिलो.

मी आधी "चोख आहे" का म्हणालो, हे त्यानं आजवर विचारलेलं नाही. त्याचं तेही मला खुपतं.