एका रुळावर दोन इंजिनं

गंगाराम कुबल बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. १९७१ साली लिव्हरपूलच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी वाफेच्या इंजिनांच्या दोन छोट्या प्रतिकृती घेतल्या, एक काळी आणि एक हिरवी. तेव्हाच त्या वीसेक वर्षांच्या होत्या. नोकरी संपल्यावर मालवणच्या घरी, मागच्या खोलीत, त्यांनी आठ फुटी प्लायवूडवर रूळ मांडले. खाऱ्या हवेने रुळांवर गंज चढे, म्हणून दर रविवारी ते रॉकेलच्या फडक्याने रूळ पुसत. त्यांच्या बायको राधाबाई खोली झाडायच्या, पण प्लायवूडला हात लावायची त्यांना मनाई होती.

२००६च्या मार्चमध्ये गंगारामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. वेग कमीजास्त करायचं ट्रान्सफॉर्मरचं बटण डाव्या हाताने फिरवलं की इंजिन एकदम उसळी घेई आणि वळणावर रूळ सोडी. दोनचार वेळा असं झाल्यावर ते त्या खोलीत जाईनासे झाले.

मुलगा सुशांत जहाजावर होता. त्याला फोनवर हे कळलं तेव्हा त्याने रॉटरडॅमहून एक पार्सल धाडलं: हातात धरायचे दोन कंट्रोलर, वीज देणारा एक डबा आणि तीन डीकोडर. डीकोडर म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी सर्किटची पट्टी. जुन्या पद्धतीत बटण फिरवलं की रुळांतली वीज कमीजास्त होई आणि रुळांवरची सगळी इंजिनं एकदमच पळत. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम सारखीच राहणार होती. प्रत्येक इंजिनाला नंबर. आपल्या नंबराचा हुकूम आला तरच त्यातला डीकोडर मोटर फिरवणार.

हे बसवायला गुरुदास आला. जेटीजवळच्या दुकानात तो ट्रॉलरवरचे वायरलेस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायचा. असलं इंजिन त्याने आयुष्यात उघडलं नव्हतं.

"काका, आत जागा नाय," काळ्या इंजिनाचं टोपण काढून तो म्हणाला. "ह्या शिशाचा वजन जरा कापूक होया."

गंगारामांची जीभ अजून जड होती. "कापूचा नाय."

"मगे बसवू खंय?"

त्यांनी इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याकडे बोट दाखवलं. गुरुदासने तिथे पट्टी बसवली, तारा पुढे मोटरपर्यंत नेल्या आणि वीज सोडली. कोळशाच्या डब्यातून धुराची बारीक रेघ वर आली.

"जळलो?" गंगारामांनी विचारलं.

"जळलो. चूक माजी."

गंगारामांनी इंजिन मागून घेतलं, मांडीवर उलटं ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग नखाने मोटरच्या ब्रशची, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची, स्प्रिंग दाखवली. "एक ब्रश... अंगाक लागलो आसा."

जुन्या इंजिनांत तशीच रीत होती. एक ब्रश थेट इंजिनाच्या धातूला जोडलेला, आणि धातू चाकांमधून रुळाला. त्या वाटेने रुळातली वीज सरळ डीकोडरमध्ये घुसली होती. गुरुदासने एका बारीक वायरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलून स्प्रिंगच्या त्या टोकावर चढवलं, म्हणजे ते धातूला टेकणार नाही. मीटर लावून दोनदा तपासलं. दुसऱ्या डीकोडरवर काळं इंजिन चाललं. आठवड्याने हिरवंही चाललं.

गंगाराम डाव्या अंगठ्याने बटण दाबत होते आणि काळं इंजिन गोल फिरत होतं. हिरवं त्याच रुळावर पुढे उभं होतं.

"काकी, हिरवा तुमी चालवा," गुरुदासने दुसरा कंट्रोलर राधाबाईंपुढे धरला.

त्यांनी हात पुढे केला नाही. नवऱ्याकडे पाहिलं. गंगारामांनी आपलं इंजिन थांबवलं.

"चालव," ते म्हणाले. "पण सावकाश."

त्यानंतर रोज दुपारी दोघं त्या खोलीत बसू लागली. हिरवं पुढे, काळं मागे. जानेवारीत एके दिवशी राधाबाईंनी उलट दिशेचं बटण दाबलं. दोन्ही इंजिनं एकमेकांवर धडकली आणि हिरव्याचा एक बफर, धक्का झेलणारा छोटा दांडा, तुटून खाली पडला.

"काय केलंस गो ह्या?"

"सगळ्यांनी एकाच बाजून कित्या जावक होया?" राधाबाई म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी गंगारामांनी गुरुदासला बोलावून घेतलं. कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा काढल्या होत्या: एक मुख्य रूळ, आणि त्यातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा दुसरा.

"क्रॉसिंग," ते म्हणाले. "कणकवलेक एक गाडी दुसरेसाठी थांबता, तसा."

गुरुदासला दोन रविवार लागले. नव्या रुळाचा एक सांधा थोडा वर राहिला. तिथून जाताना इंजिन हलकंसं उडायचं. सुरुवातीला बाजूच्या रुळावर नेहमी हिरवंच थांबायचं आणि काळं सरळ निघून जायचं. होळीच्या आसपास राधाबाई म्हणाल्या, "आज तुमी थांबा."

गंगारामांनी काळं इंजिन बाजूला घेतलं. हिरवं यायला बराच वेळ लागला, कारण राधाबाई फार सावकाश चालवत होत्या. ते थांबले.