सूर्यभानच्या गिरणीतलं उरलंसुरलं

तिसगावात सूर्यभानच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन पुकपुकायला लागलं की गावातले कोंबडे आरवायचं सोडून देत. आपल्याहून मोठ्या गळ्याचा कुणी आला म्हटल्यावर बिचारे करणार काय?

गिरणीचा रिवाज असा, की दळण संपल्यावर जे मूठ-दीड मूठ पीठ दगडांत नि कापडी नळ्यात अडकून राहतं, ते गिरणीवाल्याचं. सूर्यभान संध्याकाळी ते झाडून काढायचा आणि म्हशीला घालायचा. त्या पिठावर म्हैस अशी फुगली, की एकदा गोठ्यात शिरली ती बाहेर निघेचना. भिंत फोडून दार रुंद करावं लागलं.

बायकांना हा रिवाज मुळीच पसंत नव्हता. दळण संपलं की जी ती नळ्यावर थापा मारून शेवटची चिमूट काढून घ्यायची. त्यात बनुबाईचा हात सगळ्यात भारी. एकदा तिच्या थापेसरशी तिच्या सासूच्या लग्नातलं पीठ बाहेर पडलं म्हणतात, आणि त्याच्या पुऱ्यासुद्धा झकास फुगल्या.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत मुलींच्या वसतिगृहाच्या यशोधराबाई गिरणीत आल्या. बाई मूळच्या नगरच्या लष्करी छावणीला लागून असलेल्या भिंगारच्या. बोलणंही पलटणीच्या कवायतीसारखं, एक पाऊल इकडंतिकडं नाही.

"सूर्यभानराव, अनुदान अडकलंय. आठ दिवसांचं धान्य उरलंय. नंतर दहावीच्या बारा मुली घरी पाठवाव्या लागतील. घरी गेलेली मुलगी परीक्षेला परत येत नाही. तिच्या हातात खुरपं येतं."

"बाई, देनगी द्यायला मी काय साखर कारखान्याचा चेअरमन हाय?"

"देणगी नकोच. तुमच्या गिरणीत जे उरतं, ते द्या."

"ते म्हशीचं हाय!"

डब्यांची रांग लावणारी त्याची बायको कडूबाई तिथूनच ओरडली, "म्हस काय दहावीला बसनार हाय व्हय?"

रांगेतल्या बाया खिदळल्या. सूर्यभानच्या मिशा पिठानं पांढऱ्या होत्या, म्हणून तो लाल झालेला कुणाला दिसला नाही. पण त्यानं शब्द दिला.

ही बातमी एसटी स्टँडजवळच्या गिरणीवाल्या काकासाहेबाला कळली. त्यानं लगेच उठवून दिलं, "सूर्यभान दळनात चोरी करतोय, अन् नाव पोरींचं सांगतोय!" झालं. बायांनी दुप्पट थापा मारल्या. नळा दोनदा फाटला. संध्याकाळी झाडून काढलं तर अवघं मूठभर पीठ. यशोधराबाई तेवढंच पदरात बांधून गेल्या.

सूर्यभानला जेवण गेलं नाही. त्यानं चार दिवस घरचीच बाजरी दळून उरलेल्यात मिसळली. पण घरची कणगी किती पुरणार? पाचव्या दिवशी तो वसतिगृहात जाऊन उभा राहिला.

"बाई, गिऱ्हाइकाला माल दाखवावा लागतो. उद्या बाजार हाय. ह्याच पिठाच्या भाकरी करून पोरींबरोबर पाठवा. ठेचा माझ्याकडनं."

बाजारच्या दिवशी गिरणीत ही गर्दी. मुली भाकरीची टोपली घेऊन आल्या. नंबर लागायची वाट बघून बाया भुकेजल्याच होत्या. बनुबाईनं तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि जाहीर केलं, "ह्यात माझी बाजरी हाय."

"कशावरनं?" रांगेतल्या मुक्ताबाईनं विचारलं.

"माझ्या बाजरीला विहिरीचं पानी हाय. गोड लागती."

"ग्वाड लागतंय ते माझ्या गव्हानं!"

"तुझ्या गव्हाला तुझी म्हातारी तरी चांगलं म्हनती का?"

दोघी पदर खोचायला लागल्या, तशी एक मुलगी मध्ये पडली. "आजी, दोघींचंही आहे. सकाळी हीच भाकरी खाऊन मी भूमितीची चार प्रमेयं सोडवली."

बनुबाईनं छातीवर हात ठेवला. "अगं बया! आमच्या घरात चार पिढ्यांत कुनी एक न्हाई सोडवलं, अन् माझ्या बाजरीनं चार सोडवली!"

त्या दिवसापासून नळ्यावर थाप पडली नाही. कुणाचा हात सवयीनं उठलाच, तर बनुबाई मनगट धरायची. "राहू दे की! पोरींचा गनिताचा पेपर हाय." बाया निवडून, पाखडून धान्य आणू लागल्या, आपल्या पिठात खडा निघाला तर मार्क कमी पडतील ही धास्ती. शेजारच्या गावांतली दळणंही सूर्यभानकडं वळली. काकासाहेबाच्या गिरणीत एवढी शांतता झाली, की चिमण्यांनी धान्य ओतायच्या तोंडातच घरटं बांधलं. शेवटी त्यानंही उरलेल्या पिठाचा डबा गुपचूप वसतिगृहात पोचवला. यशोधराबाईंनी डबा रिकामा करून घेतला आणि स्वच्छ धुऊन परत पाठवला.

जूनमध्ये निकाल लागला. बाराच्या बारा पास! मुली पेढे घेऊन थेट गिरणीत आल्या. बनुबाईनं एकेकीचे मार्क विचारले.

"गनितात सत्तर? माझी बाजरी. मराठीत पासष्ट? असंल मुक्ताचा गहू. अन् तुला गं, इंग्रजीत?"

"पस्तीस, आजी."

सगळ्यांच्या नजरा दारात उभ्या असलेल्या काकासाहेबाकडं वळल्या.

"पर पास झाली ना?" काकासाहेब कळवळून म्हणाला, आणि त्यालाही पेढा मिळाला.

त्या संध्याकाळी सूर्यभान गोठ्यात गेला. म्हैस आता इतकी सडपातळ झाली होती, की रुंद केलेल्या दारातून तशा दोन म्हशी गप्पा मारत बाहेर पडल्या असत्या. त्यानं तिच्यापुढं कडबा टाकला, खिशातला पेढा काढला आणि अख्खाच्या अख्खा तिच्या तोंडात घातला.

"खा बाये," तो म्हणाला. "बारा पोरी पास केल्यास तू."