ओगाता-सानचे किजी

"शिकार तर आमच्या रक्तातच आहे," असं अंबरीषनं ऑफिसात साहेबाला सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणजे ओगाता-सान, थंडीत बंदूक घेऊन डोंगरात जाणारा जपानी माणूस. झालं! एका रविवारी सकाळी साहेब दोन किजी घेऊन निशी-कसाई भागातल्या अंबरीषच्या फ्लॅटवर हजर. तुमच्या गावाकडच्या पद्धतीनं खाऊ घाला म्हणाले. किजी म्हणजे रानकोंबड्यासारखा पक्षी, हातभर शेपटीचा. आणलेले पिसांसकट, आतड्यांसकट. भूकंपात अणुभट्टी फुटली त्याला तीन-चार वर्षं झाली होती, तरी रानातलं मांस म्हटलं की लोक बिचकायचे, म्हणून किरणोत्सर्ग तपासल्याचा दाखलाही सोबत होता.

पक्ष्यालासुद्धा दाखला! माझा मी शिष्यवृत्तीच्या फॉर्मखेरीज कुठं जोडला नव्हता.

मी त्या दिवशी तिथं होतो तो जुईसाठी. जुई अंबरीषची धाकटी बहीण, तिकडे तोयोसु भागात नोकरी करते. आम्हाला लग्न करायचं होतं आणि दादाचा होकार जेवणानंतर मिळणार होता. तो मिळणारच होता म्हणा. मी पोस्टडॉक, निर्व्यसनी, नाव प्रताप, आडनाव पवार. पवार ऐकल्याबरोबर त्यानं माझं कूळ स्वतःच ठरवून टाकलं आणि मला प्रतापराव म्हणायला लागला. मी फासेपारध्यांतला, हे जुईला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. "होकार मिळेपर्यंत गप्प बस," एवढंच तिनं बजावलं होतं.

म्हणून मूग गिळून बसलो होतो. आणि काय काय पाहावं लागलं! अंबरीष तोंडानं आजोबांची बंदूक, आजोबांचं रान, आजोबांचे हाकारे साहेबाला जपानीत आणि मला मराठीत सांगत होता आणि हातानं पक्षी न्हाणीत गरम पाण्यात बुचकळत होता. मोबाइलवर एक बाई दह्यात चिकन मुरवून दाखवत होती. अहो, आजोबांनी बार काढला असेल, पण साफ कोण करत होतं? ते काही त्या गोष्टीत येत नव्हतं. पिसं उपटताना कातडी फाटली. ओगाता-सान दाराशी उभे राहून "हो का, हो का," म्हणत होते, पण चेहरा उतरत चालला होता. बिचाऱ्यांनी पहाटे उठून मारलेले पक्षी ते.

मग त्यानं पोट फाडलं आणि थेट कलेजीलाच सुरी लावली. कलेजीला पित्ताची हिरवी पिशवी चिकटलेली असते. ती फुटली की सगळं कडू. माझे हात केव्हापासून शिवशिवत होते. "अहो, थांबा!" मी ओरडलो आणि सुरी काढूनच घेतली.

जुईनं कपाळाला हात लावला.

पुढं मला कुणी थांबवलं नाही. पिशवी अलगद सोडवली, दुसऱ्या पक्ष्याची पिसं कोरडीच उपटली. घरात विजेची काचेची शेगडी, जाळ कुठला? सुशी भाजायचा छोटा बर्नर होता, त्यावर बारीक लव जाळली. पोटातली दाण्याची थैली उघडून पाहिली, भाताचे दाणे निघाले. लसूण ठेचला, मीठ, तिखट, बास. दह्याचं भांडं परत फ्रिजात ठेवलं. दीड तास शिजवलं.

ओगाता-साननी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग मला काहीतरी विचारलं. माझं जपानी दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतं.

"कुणाकडे शिकलात, विचारतायत," अंबरीष म्हणाला.

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण आज्यानं आणलेली तितरं साफ करत आजीच्या शेजारी बसलेला मी. तिला कसं पुसून टाकणार?

"आजीकडे," मी म्हणालो. "आजा फासे लावायचा. पारधी आहोत आम्ही."

अंबरीषचा हात ताटातच थांबला. मग हसून त्यानं ओगाता-सानना लांबलचक काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'सामुराई' कळला. ओगाता-सान उठले आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला.

"तुझा आजा सामुराई झाला," जुई पुटपुटली.

साहेबाकडे बघत, तेच हसू तोंडावर ठेवून अंबरीष मला मराठीत म्हणाला, "रस्सा फर्स्ट क्लास झालाय, प्रताप. पण जुईचं आता विसर." राव गेलं, तुम्हीही गेलं. एवढं बोलून तो तंगडीचं हाड चोखायला लागला.

जुई उठून उभी राहिली.

"दादा, ते हाड आधी खाली ठेव. मग नाही म्हण."

अंबरीषनं हाताकडे पाहिलं. हाड काही ठेवलं नाही त्यानं. काय चाललंय, असं ओगाता-साननी विचारलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात जुईनंच जपानीत सांगायला सुरुवात केली, अगदी सावकाश, मलाही कळावं असं. पहिलं वाक्य मला पूर्ण कळलं. "हा माझा होणारा नवरा," ती म्हणाली, "आणि याचा आजा सामुराई नव्हता."